मुलांना गुन्हेकथा द्याव्यात का? "कोणी केलं?" आणि "कशावरून?"



पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास येते. "मॅडम, आमचा मुलगा सारखं मोबाईलवर मर्डरच्या केसेस बघतो. अभ्यासाचं पुस्तक धरवत नाही, पण केस सुरू झाली की तासभर हलत नाही. काय करावं?" काही पालक मोबाईल काढून घेतात. काही जण म्हणतात, बघू द्या, सावध तरी राहील. मुलं मात्र दोन्ही घरांत बघतातच. आपल्या फोनवर नाही तर मित्राच्या, नाहीतर काकाच्या.

तेव्हा आजचा पाठ याच विषयावर. गुन्ह्याच्या खऱ्या घटना मुलांना कळू द्याव्यात का, कोणत्या वयात, किती? त्याऐवजी किंवा त्यासोबत कोणती पुस्तकं हातात द्यावीत? आणि वर्गात यातून काय शिकवता येईल?

मुलांना हे का आवडतं?

पहिलं कारण, ते कोडं असतं. कोडं सोडवायला कोणत्याही मुलाला आवडतं. दुसरं, न्याय. "ज्यानं केलं त्याला शिक्षा झालीच पाहिजे" हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त वाटतं. तिसरं, भीतीची मजा. गोधडीत शिरून, आजीला चिकटून भुताची गोष्ट ऐकण्यात जी मजा असते तीच ही.

यात विकृत काही नाही. बिरबलाची काठीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या द्यायच्या आणि सांगायचं, चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल. चोर घाबरून आपली काठी बोटभर कापतो आणि सापडतो. ही गुन्हेकथाच आहे की! आपल्या आजी-आजोबांची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं घरातल्या थोरांना विचारून बघा, चेहरा खुलतो.

म्हणजे आवड जुनीच आहे. बदललं आहे ते तिला मिळणारं खाद्य.

व्हिडिओत काय चुकतं?

मी असे बरेच व्हिडिओ मुद्दाम पाहिले. बहुतेकांत तीन गोष्टी सारख्या असतात. सगळा प्रकाश गुन्हेगारावर असतो, त्याचं बालपण, त्याचा फोटो, त्याचं डोकं कसं चालायचं. ज्याचा जीव गेला त्याच्या वाट्याला एक वाक्य येतं. दुसरं म्हणजे तपास दोन मिनिटांत उरकतात. पोलिसांना 'संशय आला', आरोपीनं 'कबूल केलं', संपलं. तिसरं, निकाल आधीच लागलेला असतो. मुलाला विचार करायला जागाच उरत नाही.

आपलं काम इथे आहे. मूल विचारतं, "कोणी केलं?" त्याला आपण दुसरा प्रश्न शिकवायचा आहे, "कशावरून?"

आपल्याच मराठवाड्यातली एक केस

संभाजीनगरहून नांदेडच्या रेल्वेत बसलं की जालना, परतूर, सेलू ओलांडल्यावर मानवत रोड स्टेशन लागतं. परभणी जिल्ह्यातलं मानवत हे तालुक्याचं गाव. कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. पण १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाच्या त्या दिवसांत, तिथे एकामागून एक खून झाले. बळी गेल्या त्या लहान मुली आणि बायका. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं म्हणून हे नरबळी दिले गेले, असं तपासात पुढे आलं. मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं नाव या तपासाशी जोडलेलं आहे. २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका आली आणि मोठ्या वर्गातली मुलं पुन्हा या केसबद्दल विचारू लागली.

प्राथमिकच्या मुलांना ही केस सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवीच्या पुढच्या मुलानं स्वतःहून विचारलं तर टाळू नये. पण सांगताना खून कसे झाले यावर थांबू नये. या दोन गोष्टी सांगाव्यात.

एक, हे घडलं कशामुळे? गुप्तधन आणि नरबळी यांवरच्या आंधळ्या विश्वासामुळे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यंही येतात. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. गावात कोणी पायाळू मुलाला घेऊन धन शोधायच्या गोष्टी करत असेल, तर ते पोलिसांना सांगायचं असतं, हे मुलांना माहीत हवं.

दोन, कोर्टानं काय पाहिलं? हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये निकाल लागला. त्यात मोठा प्रश्न होता माफीच्या साक्षीदाराचा. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता आणि आता इतरांची नावं सांगतो, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा? उत्तर असं की त्याच्या बोलण्याला दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची जोड हवी. या खटल्यात काहींची शिक्षा कायम राहिली, काही सुटले. मुलं इथे चिडतात. "सुटले कसे?" चिडू द्या. मग विचारा, "तुझ्या भावावर कोणी असा आळ घेतला, तर किती पुरावा मागशील?"

आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब हा आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा धरला जात नाही. सिनेमात दोन कानाखाली बसल्या की आरोपी कबूल करतो आणि केस संपते. खऱ्या कोर्टात ती तिथे संपत नाही. मारून तर कोणीही काहीही कबूल करेल, म्हणूनच हा नियम आहे.

मानवतचं नाव घेताना एवढं भान ठेवूया की तिथे आजही माणसं राहतात, मुलं शाळेत जातात. आपल्या वर्गात एखाद्याचं आजोळ मानवतचं असू शकतं. गावाचं नाव म्हणजे केसचं नाव नव्हे.

"कशावरून?" न विचारल्यामुळे काय होतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. बाजारात आलेल्या पाच माणसांवर लोकांना संशय आला आणि जमावानं त्यांना मारून टाकलं. ते पाचही जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. त्यांनी एकाही मुलाला पळवलं नव्हतं.

त्या जमावातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण मुलांना वाचवतो आहोत. "कोणी केलं?" याचं उत्तर सगळ्यांकडे होतं. "कशावरून?" हे विचारून कोणी थांबलं नाही.

आता आपल्या वर्गात या. कोणाची पेन्सिल हरवली, डब्यातला लाडू गेला, कंपासपेटी सापडत नाही. बोट कोणाकडे जातं? बहुतेक वेळा जो गरीब आहे, जो नवीन आला आहे, ज्याची वस्ती वेगळी आहे त्याच्याकडे. पारधी किंवा इतर भटक्या-विमुक्त समाजातलं मूल वर्गात असेल तर नजरा आधी तिकडे वळतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण नजर काही कायद्यानं रद्द होत नाही. ती वर्गातच बदलावी लागते, आणि चांगली रहस्यकथा यासाठी फार उपयोगी पडते. कारण तिच्यात ज्याच्यावर पहिला संशय जातो, तो बहुधा निर्दोष निघतो. अशा दहा कथा वाचलेलं मूल अकराव्या वेळी बोट दाखवण्याआधी थांबतं.

रक्त नसलेली खरी केस

पाचवी ते सातवीसाठी खरी घटनाच हवी असेल, तर मूर्तीचोरीची केस घ्या. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या मंदिरातली नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं ती लाखो डॉलर देऊन विकत घेतली. विकणाऱ्यानं कागदपत्रं खोटी दिली होती. मग ही तीच मूर्ती, हे कशावरून ठरलं? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो जपून ठेवले होते. फोटो आणि मूर्ती ताडून पाहिली. २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला.

मुलांना विचारा, "फोटो नसता तर?" उत्तर ती स्वतःच देतात.

मग लगेच आपल्या गावाकडे वळा. मराठवाड्यात कित्येक गावांत मारुतीच्या पारावर, वेशीजवळ, विहिरीशी जुन्या वीरगळ, सतीशिळा, भग्न मूर्ती पडून असतात. दप्तराविना शनिवारी मुलांना घेऊन जा. प्रत्येक शिळेची लांबी-रुंदी मोजा, चित्र काढा, चारी बाजूंनी फोटो घ्या, तारीख टाका, कुठे आहे ते लिहा. वही शाळेत ठेवा. परिसर अभ्यास, इतिहास आणि गणित एकाच फेरीत होतं. आणि उद्या एखादी शिळा गायब झाली, तर पुरावा या वहीत असेल.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक?

*पाचवी-सहावी:*

• भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट जाणारा आणि "ट्टॉक्" करणारा. तो धाडसी आहे, पण त्याहून जास्त चौकस आहे. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलालाही ही पुस्तकं ओढून नेतात. २०१७ चा चित्रपट मोठ्या फेणेचा आहे, परीक्षेतल्या घोटाळ्याचा. तो सातवीनंतर दाखवा.

• एरिक केस्टनर यांचं 'एमिल अँड द डिटेक्टिव्हज', १९२९ चं जर्मन पुस्तक. रेल्वेत एमिलचे पैसे चोरीला जातात आणि बर्लिनमधली मुलं चोराचा पाठलाग करतात. पैसे एमिलचेच हे कशावरून? त्यानं नोटा कोटाच्या आत टाचणीनं अडकवल्या होत्या, त्यामुळे नोटांना बारीक भोकं आहेत. पुरावा म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. मुलांना न झेपल्यास आपण वाचून रोज दहा मिनिटं मराठीतून सांगावं.

*सातवी-आठवी:*

• सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनानं काढले आहेत. फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू ऊर्फ जटायू असे हे तिघं. जटायू आपल्या कादंबऱ्यांत वाटेल ते ठोकून देतात आणि फेलूदा त्यांच्या चुका काढतो. लिहिलेलं सगळं खरं नसतं, हे मुलं हसत हसत शिकतात. आपल्याला यातली 'कैलासे केलेंकारी' जवळची वाटेल. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं डोकं चोरीला जातं आणि त्याचा माग काढत फेलूदा थेट आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादला आणि वेरूळला येतो. इंग्रजीत ही कथा 'अ किलर इन कैलाश' या नावानं आहे. वेरूळची सहल ठरली असेल तर आधी ही कथा सांगा. सोळा नंबरच्या लेण्यात मुलं एरवी पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. गोष्ट ऐकलेली मुलं खांबामागे डोकावतात, कुठे उभं राहिलं की काय दिसतं ते बघतात.

• शेरलॉक होम्स. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आहेत. सुरुवात खून नसलेल्या कथांनी करा, म्हणजे लाल केसवाल्यांच्या मंडळाची किंवा निळ्या माणकाची गोष्ट. नंतर 'सिल्व्हर ब्लेझ'. रात्री घोडा चोरीला गेला आणि कुत्रा भुंकला नाही. न भुंकणं हासुद्धा पुरावा! कुत्रा कोणावर भुंकत नाही, हे खेड्यातलं मूल शहरातल्या मुलाआधी सांगतं.

*नववीच्या पुढे:*

• शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी. लोभ, इस्टेटीची भांडणं, घरातली कपटं यात आहेत, म्हणून थोडं मोठं झाल्यावर.

• अगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस', १९३४. अमेरिकेत १९३२ मध्ये लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाच्या तान्ह्या मुलाचं अपहरण आणि खून झाला. त्या घटनेवरून लेखिकेला कादंबरीतली पूर्वकथा सुचली. पण तिनं नावं बदलली, माणसं बदलली आणि लक्ष ठेवलं ते मूल गमावलेल्या घरावर. सत्यघटनेची कथा कशी होते, यावर मुलांशी छान बोलता येतं.

• हॉली जॅक्सन यांची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर', २०१९. सध्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींत हिची फार चर्चा आहे. पिप नावाची शाळकरी मुलगी प्रकल्प म्हणून गावातली एक बंद झालेली केस पुन्हा तपासते. सल सिंग या भारतीय वंशाच्या मुलानं खून केला, असं सगळं गाव धरून चाललेलं असतं. पिप एकटी विचारते, कशावरून? यात अमली पदार्थ आणि लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आहेत. त्यामुळे पालकांनी आधी स्वतः वाचावं, मग द्यावं आणि नंतर त्यावर बोलावं.

वर्गातला उपक्रम: पाहिलं, ऐकलं, वाटलं

वेळ एक तासिका. इयत्ता चौथीपासून पुढे. फळ्यावर तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. मग एक काल्पनिक प्रसंग सांगा. ग्रंथपेटीतलं एक पुस्तक गायब आहे. गटांना ही वाक्यं चिठ्ठ्यांवर द्या.

१. मधल्या सुट्टीत पेटी उघडी होती, मी बघितली.
२. राजू म्हणाला की बंडू पेटीजवळ होता.
३. बंडूकडे घरी एकही पुस्तक नाही, त्यानंच घेतलं असणार.
४. पेटीजवळ ओल्या मातीचे ठसे होते.
५. बंडू आज गप्प गप्प होता.
६. नोंदवहीत कालच्या तारखेला त्या पुस्तकासमोर एक सही आहे.

गटानं प्रत्येक चिठ्ठी योग्य रकान्यात लावायची आणि "कशावरून?" ते सांगायचं. पाचव्या चिठ्ठीवर भांडण होतं. होऊ द्या. बंडू गप्प होता हे पाहिलेलं आहे, पण तो चोर म्हणून गप्प होता हे वाटलेलं आहे. त्याचं पोट दुखत असेल, घरी काही झालं असेल. शेवटी सहावी चिठ्ठी उघडा. पुस्तक चोरीला गेलंच नव्हतं, कोणीतरी रीतसर घरी नेलं होतं! त्या वेळी तिसऱ्या चिठ्ठीकडे परत या आणि मुलांना विचारा, "आता बंडूला काय वाटत असेल?"

एक पथ्य मात्र कडक पाळा. वर्गात खरोखर काही हरवलं असेल त्या दिवशी हा खेळ घेऊ नका, आणि वर्गातल्या कोणाचं नाव गोष्टीत वापरू नका.

पालकांसाठी थोडं

• मूल केस बघत असेल तर शेजारी बसून एक पूर्ण बघा. संपल्यावर विचारा: ज्याचा जीव गेला त्याचं नाव काय होतं? त्याच्याबद्दल काय कळलं? गुन्हा कशावरून सिद्ध झाला? कोर्ट काय म्हणालं? उत्तरं नसतील तर व्हिडिओ कच्चा आहे, हे मुलालाच कळेल.

• झोपेत दचकणं, एकट्यानं बाथरूमला जायला घाबरणं, दार पुन्हा पुन्हा तपासणं असं दिसलं तर काही दिवस सगळं बंद. रागावू नका, जवळ घ्या.

• अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता उघड करायला कायद्यानं मनाई आहे. तशी पोस्ट आपल्या ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका. मुलं आपल्याकडे बघून शिकतात.

• कधी कधी मूल दुसऱ्याच्या केसबद्दल विचारता विचारता स्वतःबद्दल काही सांगू पाहत असतं. तेव्हा मध्येच तोडू नका, ऐकून घ्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक वर्गात आणि घरात, मुलाला दिसतील अशा उंचीवर लावून ठेवा.

शाळेच्या कपाटात फास्टर फेणे किंवा फेलूदा असेलच. या आठवड्यात तो बाहेर काढून वाचनाच्या तासाला एक प्रकरण मोठ्यानं वाचा आणि रहस्य उलगडायच्या आधी पुस्तक मिटा. मुलं ओरडतील, नावं सांगतील. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, कशावरून? काय काय उत्तरं मिळाली, ती आम्हालाही जरूर कळवा.